कुदळबंदी

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका, तेव्हा वर्षं मोजायला कुणी बसलं नव्हतं. लहानांनी ऐकावी आणि थोरांनी तर ऐकावीच, कारण घाण करून ठेवतात ते थोरच.

एका राज्यात एक मोठं रान होतं. डोंगरामागून डोंगर, सगळे ऐन-हिरड्या-जांभळांनी भरलेले. रानाच्या कडेनं सहा गावं बसली होती. रानातल्या झऱ्यांचं पाणी प्यायची, रानातलं सरपण जाळायची, रानातले कंद खायची. रान कुणा एकाच्या नावावर नव्हतं. सगळ्यांचं होतं.

पूर्वी गावं सात होती. सातवं गाव लाल टेकडीच्या पायथ्याला होतं. टेकडीत लोखंडाचा दगड सापडला, खाण निघाली, वीस वर्षं चालली. दगड संपला तसे खाणवाले उठून गेले. मागं राहिलं एक भलंमोठं भगदाड. टेकडीतला झरा त्या भगदाडात कुठं गडप झाला, कुणाला कळलं नाही. पाणी गेलं तशी माणसंही गेली. कुणी कुठं, कुणी कुठं.

त्या गावची एक लेक खालच्या गावात दिलेली होती. तिचं नाव नवशी. सणासुदीला गावातल्या बाकीच्या बायका माहेरी निघाल्या की ही खणती, म्हणजे कंद खणायची टोकदार काठी, घेऊन रानात जायची. कुणी विचारलंच तर म्हणायची, "माझ्या माहेराला आता दार नाही. वरून उघडं आहे, पण आत जाता येत नाही."

नवशीनं पन्नाशी ओलांडली होती. नवरा कधीच गेलेला. अंगानं काटकुळी, जिभेनं तिखट. पण कंद खणण्यात तिचा हात धरील असं त्या सहा गावांत कुणी नव्हतं. वाळलेली वेल बघून ती सांगायची, खाली कंद केवढा आहे आणि कुठल्या अंगाला वळलाय.

कंद खणण्याची तिथं एक रीत होती. कंद काढायचा, पण वेलाची मुंडी बोटभर कंदासकट कापून परत खड्ड्यात ठेवायची. मग माती लोटून, पायानं दाबून खड्डा बुजवायचा. खड्डा ज्यानं उघडला त्यानंच तो बुजवायचा, आणि त्याच दिवशी. उघड्या खड्ड्यात जनावराचा पाय मोडतो, पाणी वाट चुकतं आणि पुढच्या वर्षी कंद मिळत नाही. एखाद्याचा खड्डा चुकून उघडा राहिलाच, तर जो पुढून येईल त्यानं बुजवायचा आणि गावात येऊन त्या माणसाला चारचौघांत शिव्या घालायच्या. शिव्या खाणाऱ्यानं उलट बोलायचं नाही. चांगली रीत होती.

आता राजाकडची रीत ऐका.

राजाच्या आज्यानं एक नियम करून ठेवला होता. त्या काळी राज्यात लोखंड नव्हतं. नांगराला फाळ मिळत नव्हता, शिपायाला तलवार मिळत नव्हती. म्हणून त्यानं दवंडी पिटवली की मोकळ्या रानात जो खुंटी ठोकील, खुंटीजवळ पुरुषभर खड्डा खणील आणि त्यात लोखंडाचा दगड दाखवील, त्याला ती जागा खाणीसाठी मिळेल. मात्र राजाचा माणूस बघायला येईपर्यंत खड्डा उघडा पाहिजे. खड्डा नसला तर नुसत्या खुंटीला किंमत नाही.

आजा मेला, बाप मेला, राज्यात लोखंड मुबलक झालं. नियम तसाच राहिला. नियम मोडायला कुणीतरी उठून बसावं लागतं, आणि राजवाड्यात गाद्या मऊ असतात.

त्या राज्यात एक खाणदार होता. लाल टेकडी ज्यानं पोखरली त्याचाच हा मुलगा. पलीकडच्या डोंगरात त्याची एक खाण चालू होती, पण माणसाचं पोट एका खाणीनं भरलं असतं तर काय हवं होतं! एकदा उन्हाळ्याच्या दिवसांत तो दहा-बारा गडी घेऊन रानात आला. नवशीच्या गावाला पाणी देणारा झरा ज्या उतारावर होता, त्या उतारावर त्यानं अकरा खुंट्या ठोकल्या आणि अकरा खड्डे खणले. आठ खड्ड्यांत लोखंडाचा दगड लागला. खाणदार खूश झाला आणि राजाकडे अर्ज द्यायला निघून गेला. खड्डे तसेच उघडे.

दोन दिवसांनी नवशी आणि गावातल्या पाच-सात बायका कंदांना गेल्या. बघतात तर उतारभर खड्डे. एका खड्ड्यात कुणाची तरी शेळी पाय मोडून पडलेली.

"कुणा गाढवाचं काम आहे हे?" नवशी म्हणाली. "एक नाही, दोन नाही, अकरा! कंद काढायला आला होता का घर पुरायला?"

"आणि या खुंट्या कशाला ठोकल्यात?" दुसरीनं विचारलं.

"विसरू नये म्हणून ठोकल्या असतील. तरी विसरलाच."

बायका हसल्या. हसत हसत कामाला लागल्या. पुढून येईल त्यानं बुजवायचं, ही रीत. तीन दिवस लागले त्यांना. आणि खड्डा बुजवायचा तर त्यात मुंडी ठेवल्याशिवाय कसा बुजवायचा? म्हणून त्यांनी अकराही खड्ड्यांत कंदाच्या मुंड्या ठेवल्या, माती लोटली, दाबली. मग गावात येऊन शिव्या घालायला माणूस शोधला. माणूस सापडला नाही. तेवढं एक काम बाकी राहिलं.

पाऊस आला. खड्ड्यांतनं वेल वर आले. वेलाला आधार लागतो, आणि आधाराला खुंट्या तयारच होत्या. श्रावणापर्यंत अकराच्या अकरा खुंट्या पानांत बुडून गेल्या.

अन् श्रावणातच गावात राजाचा प्यादा आला. चावडीसमोर उभं राहून त्यानं सांगितलं की परवा महाराज स्वतः पाहणीला येणार आहेत. खाणदाराचे खड्डे बघायचे आहेत. खड्ड्यांना कुणी हात लावला असेल तर त्याला वर्षभर खाणीवर दगडमातीच्या पाट्या वाहाव्या लागतील. घरी यायचं नाही, रानात पाऊल टाकायचं नाही.



गावचा कारभारी होता बाळकू. नवशीचा धाकटा दीर. माणूस वाईट नव्हता. फक्त कुणी मोठ्यानं बोललं की त्याचं धोतर ओलं व्हायचं बाकी राहायचं. त्यानं सगळ्यांना गोळा केलं आणि म्हणाला, "असं करू. रानडुकरांनी बुजवले म्हणून सांगू. सगळ्यांनी एकच सांगायचं. रानडुकरं."

नवशी मागं बसली होती. ती म्हणाली, "भावजी, डुकरानं खड्डा बुजवलेला कधी बघितलाय का तुम्ही?"

"म्हणजे?"

"डुक्कर उकरतं. आजवर एकाही डुकरानं माती परत लोटलेली मी बघितली नाही. तेवढी अक्कल त्याला असती तर आपण त्यालाच कारभारी केलं असतं."

लोक हसले. बाळकू चिडला. "वैनी, जिभेला लगाम घाला. पाट्या वाहायची वेळ आली तर तुमची जीभ नाही वाहणार, डोकं वाहील."

"माझं मी बघीन."

"तुमचं तुम्ही काय बघणार? राजा चिडला तर गावावर चिडेल! गप्प बसा म्हणतो ना. डुकरं म्हणजे डुकरं."

नवशी गप्प बसली. पण तिच्या डोक्यातलं चाक थांबलं नाही. ती विचार करत होती. समजा राजानं डुकरांवर विश्वास ठेवला. मग काय होईल? खाणदार म्हणेल, बरं, डुकरं तर डुकरं, मी परत खणतो. आणि परत खणेल. या वेळी गडी बसवेल राखणीला. गावानं एकदा डुकराचं नाव घेतलं की पुढं कुठल्या तोंडानं म्हणायचं, रान आमचं आहे, आम्ही बुजवलं? मग उतार जाईल, उताराबरोबर झरा जाईल. सहाची पाच होतील. तिनं एक गाव जाताना बघितलं होतं. तिथं कुणी आरडाओरडा केला नव्हता. सगळे असेच शहाणपणानं गप्प बसले होते.

परवाच्या दिवशी राजा आला. घोड्यावरून आला, उतारावर पायी चढला. बरोबर खाणदार, दोन शिपाई आणि एक लेखनिक. गाव एका बाजूला हात जोडून उभं.

"खड्डे कुठं आहेत?" राजानं विचारलं.

खाणदार इकडं बघतो, तिकडं बघतो. खड्डा एकही नाही. हिरवा उतार आणि अकरा ठिकाणी वेलांचे उंच झुबके. त्यानं एक वेल बाजूला सारला तर आत त्याचीच खुंटी.

"महाराज, हे बघा! हे बघा या लोकांनी काय केलं! माझा पुरावा गाडून टाकला!"

राजा गावाकडं वळला. "कुणी केलं हे?"

बाळकू पुढं झाला. "महाराज... रानडुकरं फार झालीत यंदा."

राजानं वेलाकडं बघितलं. "डुकरांनी खड्डे बुजवले?"

"होय महाराज."

"आणि वर वेल लावले?"

बाळकूनं वेलाकडं बघून मान डोलावली. "तीच तर कमाल आहे, महाराज."

शिपायांच्या मिशा हलल्या. राजा मात्र हसला नाही. त्याला वाटलं, हे आपल्याला मूर्ख समजतात. त्याच्या कपाळाची शीर तट्ट फुगली.

तेवढ्यात नवशी गर्दीतून बाहेर आली. बाळकूनं तिचा पदर धरला. तिनं तो हिसडून सोडवला.

"डुकरांनी नाही, महाराज. मी बुजवले."

"तू? एकटीनं?"

मागं उभ्या असलेल्या पाच-सात बायकांनी माना खाली घातल्या. नवशीनं मागं वळून बघितलं नाही. "हात दोन आहेत, दिवस पुष्कळ होते," ती म्हणाली.

"खाणीच्या खड्ड्याला हात लावला तर काय शिक्षा आहे, माहीत आहे?"

"तेव्हा माहीत नव्हती. परवा कळली."

"कळल्यावर तरी खोटं बोलायचं होतंस. तुझ्या गावानं तशी सोय केली होती."

"खोटं बोलायला लाज वाटावी असं काही मी केलं नाही. आमच्याकडे खड्डा उघडा टाकणाऱ्याला शिव्या देतात. हा उघडे टाकून गेला, मी बुजवले. उद्या परत उघडे टाकील, परत बुजवीन."

"अगं बाई, पण ही जागा त्यानं मागितली आहे!"

"कुणाकडे मागितली? आम्हाला तर कुणी विचारलं नाही."

आता खाणदाराला राहवेना. "तुला काय विचारायचं? हे रान आहे. मोकळं रान. कुणाचंच नाही. ज्यानं खुंटी ठोकली त्याचं."

"कुणाचंच नाही?" नवशी त्याच्याकडं वळली. "तू रस्त्यानं जातोस तो रस्ता कुणाचा? नदी कुणाची? सगळ्यांचं असतं त्याला तू कुणाचंच नाही म्हणतोस, म्हणजे उचलायला मोकळा. तुझ्या घरी पाच माणसं जेवायला बसली आणि पातेलं मधे ठेवलं, तर ते कुणाचंच नाही म्हणून तू उचलून घेऊन जातोस का रे?"

शिपायांच्या मिशा परत हलल्या.

खाणदारानं राजाला हात जोडले. "महाराज, मी काही रान खाऊन टाकणार नाही. दगड काढीन आणि काम झालं की खड्डे बुजवून देईन. होतं तसं करून देईन."

"झालं तर मग," राजा म्हणाला. "तो बुजवून देणार आहे."

"लाल टेकडी बुजवली का?" नवशीनं विचारलं.

खाणदार खुंटीवरची पानं खुडू लागला.

"मी तिथली लेक आहे, महाराज. तिथंही असंच सांगितलं होतं. होतं तसं करून देतो. तीस वर्षं झाली, मी वाट बघतेय."

"ते माझ्या वडिलांचं काम होतं," खाणदार म्हणाला.

"वडिलांची खाण घेतलीस, वडिलांचा वाडा घेतलास. वडिलांचं भगदाड तेवढं आमच्याकडे राहिलं होय?"

राजा दोघांच्या मधे येऊन उभा राहिला. तो काही थोर राजा नव्हता. थोर राजे गोष्टींत फार असतात, राज्यांत कमी. पण त्याला एक गोष्ट कळायची. दोघं भांडत असले की तोंडावर न जाता काम लावून बघावं.

"ऐका," तो म्हणाला. "बाई, तू नियम मोडलास. वर्षभर पाट्या वाहशील. खाणदार, तू म्हणतोस होतं तसं करता येतं. मग लाल टेकडीचं भगदाड भरून दाखव. पुढच्या श्रावणापर्यंत. भरलंस तर मागितलेल्या जागा तुझ्या. नाही भरलंस तर काय करायचं ते मी ठरवीन."

खाणदाराला हसू आलं. त्याच्याकडे दोनशे गडी होते. एक खड्डा भरायचा तो काय! उतरताना तो नवशीला म्हणाला, "चल बाई. तुझं माहेर तुझ्याच डोक्यावरून भरून घेतो."

"घे. नीट दाबून घे," नवशी म्हणाली.

बाळकू डोकं धरून बसला. "वैनी, वैनी, काय केलंत हे!"

"काय केलं? तुमची डुकरं वाचवली."

नवशी खाणीवर गेली. पावसाळ्याचे दिवस तिनं चालू खाणीतला दगड वाहिला. दसऱ्यानंतर खाणदारानं सगळे गडी लाल टेकडीवर आणले, त्यांत तीही आली. पाट्या वाहून तिच्या डोक्याच्या मधल्या भागावरचे केस गेले, मानेला गाठ आली. पण तिनं एक पाटी कमी भरली नाही की एक खेप चुकवली नाही. मुकादमाला वाटलं होतं, ही मुद्दाम कुचराई करील. उलट तीच गड्यांना ओरडायची. "अरे, नुसती ओततोस काय? दाब तिला! पोकळ भरलीस तर पहिल्या पावसात खचेल." मुकादम म्हणाला, "बाई, खड्डा भरला तर तुझ्या गावचा उतार जाईल, माहीत आहे ना?" नवशी म्हणाली, "खरंच भरता येत असेल तर मी हरले. मला माझं माहेर मिळेल. पण खोटं भरू देणार नाही."

गावातल्या त्या पाच-सात बायका, माना खाली घातलेल्या, पाळीपाळीनं तिला भाकरी घेऊन यायच्या. पहिल्या दिवशी एक रडायला लागली. नवशी म्हणाली, "रडू नको, चटणी ओली होते. उद्या कांदा जास्त आण."

आणि मग तिढा सुरू झाला.

भगदाड भरायचं तर माती पाहिजे. पूर्वी खणताना निघालेल्या मातीचे ढीग टेकडीच्या बाजूला होते, ते दिवाळीपर्यंत संपले. भगदाडाचा तळसुद्धा धड झाकला नाही. खाणदार मुकादमावर खेकसला, "एवढी माती निघाली होती, गेली कुठं?" मुकादमानं हात पसरून दाखवलं. निम्मा डोंगर म्हणजे तर लोखंडाचा दगडच होता, तो कधीच भट्टीत गेला होता. त्याचे फाळ, तलवारी, कढया होऊन तो चहूकडे पांगला होता. राहिलेली माती तीस पावसाळ्यांनी ओढ्यातून नदीत आणि नदीतून कुठल्या कुठं नेली होती. निघालं ते सगळं होतं कुठंतरी. पण परत आणायला हाती काहीच नव्हतं.

खाणदारानं पौषात ओढ्यातला गाळ काढून आणला. तो संपला. माघात चालू खाणीतला कचरा आणला. दोन डोंगरांचं अंतर, एका दिवसात एका माणसाच्या दोन खेपा. भगदाड म्हणजे राक्षसाचं तोंड, टाकाल तेवढं खाई. फाल्गुनात कुठं तिसरा हिस्सा भरला होता.

मग खाणदाराला युक्ती सुचली. लाल टेकडीच्या मागच्या अंगाला एक बुटकी टेकडी होती. कुणी तिकडं जात नव्हतं. त्यानं शंभर गडी तिकडं लावले. टेकडी खणायची, माती आणायची, भगदाडात टाकायची. काम झपाट्यानं होऊ लागलं. खाणदार मिशांना पीळ देऊ लागला.

नवशीनं पहिल्या दिवशी ते बघितलं. पाटी डोक्यावर तशीच घेऊन ती क्षणभर थांबली. मग काही न बोलता चालायला लागली. मुकादमानं विचारलं, "आज तोंड बंद कसं?"

"आता माझं काम राहिलं नाही," ती म्हणाली.

वैशाखात राजा काम बघायला आला. भगदाड निम्म्याच्या वर भरलं होतं. राजाला आनंद झाला. म्हणाला, "वा, भरत आलं की!" आणि चालत चालत तो टेकडीच्या मागच्या अंगाला गेला, सावली शोधायला. गेला तो थांबलाच. समोर दुसरं भगदाड. ताजं, लाल, ओल्या जखमेसारखं. त्यातून गडी मुंग्यांसारखे वर येत होते, डोक्यावर पाट्या.

"हे काय?" राजानं विचारलं.

"माती काढतोय, महाराज. ते भरायला," खाणदार म्हणाला.

"आणि हे कशानं भरणार?"

खाणदारानं दूरच्या एका डोंगराकडं बघितलं. राजानंही त्याच डोंगराकडं बघितलं. मग त्याच्या पलीकडच्या. असं करत राजाची नजर क्षितिजापर्यंत जाऊन आली.

नवशी तिथूनच पाटी घेऊन चालली होती. ती थांबली नाही, राजाकडं बघितलंसुद्धा नाही. भगदाडाच्या काठाशी गेली, पाटी रिकामी केली, पायानं माती दाबली आणि परत फिरली.

राजा तिथंच दगडावर बसला. लेखनिकाला बोलावलं. "लिही," म्हणाला. लेखनिकानं लिहिलं. मग राजानं नवशीला हाक मारली. "बाई, ऐक. तू जिंकलीस."

"वाचून दाखवा," नवशी म्हणाली. "मला अक्षर येत नाही."

लेखनिकानं वाचलं. "आजपासून सहा गावांच्या रानात कुदळबंदी. आमच्या आज्याचा खुंटीचा नियम या रानापुरता रद्द. पलीकडची चालू खाण तिच्या हद्दीत चालेल, हद्दीबाहेर हातभर सरकणार नाही. सहा गावांच्या रानात यापुढं कुणी नवी खुंटी ठोकू नये, खाणीसाठी खड्डा खणू नये, कुणी जागा मागू नये, कुणी ती देऊ नये. मात्र राजाला स्वतःला निकडीची गरज पडल्यास..."

"थांबा," नवशी म्हणाली. "हे शेवटचं काय?"

लेखनिक राजाकडं बघू लागला. राजा म्हणाला, "ते असतंच, बाई. लढाई येते, दुष्काळ येतो. राजाला हात मोकळा ठेवावा लागतो."

"ते काढा."

शिपाई दचकले. खाणदारानंही मान वर केली.

"काय म्हणालीस?"

"काढा म्हणाले. चालू खाण ठेवलीत, बरं केलंत. विळा मलाही लागतो. पण हे शेवटचं ठेवलंत तर बाकीचं कशाला लिहिलंत? तुम्ही आज ठीक आहात. उद्या तुमच्या जागी दुसरा बसेल. त्याच्या कानाशी हा नाहीतर याचा मुलगा बसेल आणि रोज सांगेल, महाराज, निकड आहे. निकड काय, रोज सकाळी काढता येते. या एवढ्याशा फटीतून अख्खी खाण आत येईल."

राजाचा चेहरा लाल झाला. "बाई, तुझे तीन महिने मी माफ करणार होतो. आत्ता, या क्षणी घरी जा म्हणणार होतो. आणि तू माझ्याच हुकमाला नावं ठेवतेस? एक काहीतरी घे. घरी जा, नाहीतर ते वाक्य खोडून घे."

मुकादम मागून कुजबुजला, "अगं, घरी जा. मान बघ तुझी काय झालीय."

नवशीनं मानेवरची गाठ चोळली. तीन महिने म्हणजे अजून नव्वद दिवस, अजून हजारभर खेपा. तिला घरच्या चुलीचा वास आठवला. मग तिनं चुंबळ उचलली आणि डोक्यावर नीट बसवली.

"वाक्य," ती म्हणाली.

राजा तिच्याकडं बघतच राहिला. बघता बघता त्याचा राग कुठं गेला, त्याचं त्यालाही कळलं नाही. त्यानं लेखनिकाच्या हातातला बोरू घेतला, शेवटचं वाक्य आपल्या हातानं खोडलं आणि खाली शिक्का मारला.

पण शिक्षा शिक्षाच राहिली. राजानं शब्द फिरवला नाही आणि नवशीनं तो फिरवायला सांगितलं नाही. पुढचे तीन महिने तिनं पाट्या वाहिल्या. खाणदाराला राजानं हुकूम दिला की मागची टेकडी जेवढी खणलीस तेवढी तुझ्या चालू खाणीतला कचरा आणून भर. भरेपर्यंत चालू खाणीतला दगड भट्टीत जाणार नाही. ते भरता भरता खाणदार म्हातारा झाला. लाल टेकडी मात्र तशीच अर्धवट राहिली. आजही तिथं काही उगवत नाही. जे गेलं ते गेलं, गोष्टीतसुद्धा मी ते परत आणणार नाही.

दवंडी सहाही गावांत पिटली. झरा राहिला, उतार राहिला. पुढं कितीतरी राजे झाले आणि कितीतरी गोड बोलणारे लोक रानाच्या कडेला येऊन उभे राहिले. कुणी म्हणे थोडीशीच जागा, कुणी म्हणे चारच दिवस. दर वेळी गावातून कुणीतरी उठायचं आणि समोर जाऊन म्हणायचं, इथं कुदळबंदी आहे, आणि ती मी राखतो. कधी म्हातारा, कधी नवी नवरी, एकदा तर बाळकूचा नातू. ज्या दिवशी कुणीच उठणार नाही त्या दिवशी हुकमाचा कागद नुसता कागद होईल, एवढं त्या लोकांना कळलं होतं. तुम्हालाही कळलं असेल तर बरं.

बोध एवढाच: जे सगळ्यांचं असतं ते राखायला कुणीतरी एकानं समोर येऊन 'मी' म्हणावं लागतं.